ब्रेक बदलल्याने गाडी बाटत नाही

मागच्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तोही पन्नाशीला टेकला आहे, पण माझ्यासमोर अजून खुर्चीच्या टोकावरच बसतो. चहा संपेपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, खरं सांगा. मी गाडी बाटवून राह्यलो का?"

गाडी म्हणजे राजदूत 350. राजदूत म्हटलं की आमच्याकडे दुधाचे कॅन लटकवलेली 175 डोळ्यासमोर येते. ही ती नव्हे. यामाहाने 1973 मध्ये बाजारात आणलेल्या आरडी 350 ची ही भारतीय आवृत्ती. एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 पासून ते दशक संपेपर्यंत ती इथे बनवली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, 347 सीसी, सहा गिअर. ज्या काळात आर्णीत स्कूटर घेतली तरी लोक पेढे मागत, त्या काळात ही गाडी गावातून गेली की आम्हा मास्तरांचंही वर्गातलं लक्ष उडायचं. आरडी म्हणजे 'रॅपिड डेथ' असं पोरं म्हणत. हसत हसत म्हणत, पण उगाच म्हणत नसत.

माझ्या विद्यार्थ्याने ही गाडी एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून, कडब्याखालून काढली. चार वर्षं खपून उभी केली. आता तिच्या पुढच्या चाकाचा जुना ड्रम ब्रेक काढून तो तिथे आजच्या गाडीचा डिस्क ब्रेक बसवणार आहे. हे ऐकल्यावर जुन्या गाड्यांचा शौक असलेल्या त्याच्या मित्रमंडळींनी त्याला जवळजवळ वाळीत टाकलं. "गाडीची किंमत मातीत घातली," "ओरिजनल राहिली नाही," "आता ती गाडी नाही, भेळ आहे," असं बरंच काही. एकाने तर 'बाटली' हाच शब्द वापरला. तो शब्द त्याला लागला आणि खरं सांगायचं तर मलाही लागला. म्हणून हे लिहितो आहे.

आधी 'ओरिजनल'चंच पाहू. जपानमधून जी आरडी 350 निघत होती तिला पुढे डिस्क ब्रेक होता आणि इंजिनची ताकद 39 अश्वशक्ती होती. आपल्याकडे आणताना ताकद आधी साडेतीस आणि पुढच्या आवृत्तीत 27 वर आणली. त्याला इंधनाची काटकसर हे कारण होतं, ते समजू शकतं. पण ब्रेकचं काय केलं? खर्च वाचवण्यासाठी डिस्क काढला आणि ड्रम बसवला. म्हणजे बघा, ज्या ड्रमला ही मंडळी 'मूळ' म्हणून हळदकुंकू वाहतात तो स्वतःच बदली माल आहे! कारखान्यातून बसून आला म्हणून त्याला सोवळं नेसवलं, एवढंच. काटकसरीने घेतलेल्या एका निर्णयाला चाळीस वर्षं झाली की त्याची परंपरा होते, हे आपल्याकडे गाड्यांच्याच बाबतीत घडतं असं नाही. पण तो विषय वेगळा.

मी विज्ञानाचा मास्तर नव्हे. मराठी आणि इतिहास शिकवण्यात माझी उमर गेली. पण विज्ञानाच्या गुरुजींच्या रजेत नववीचे तास घेतले आहेत, आणि इथे तेवढं पुरतं. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. गाडी आणि दोन माणसं मिळून तीनशे किलो धरा. ताशी 80 च्या वेगातून ती थांबवायची तर जी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, तिच्यात माठाबाहेरचं पाव लिटर पाणी उकळीला येईल. एवढी उष्णता चार-पाच सेकंदांत! टू-स्ट्रोक गाडीत अ‍ॅक्सिलेटर सोडल्यावर इंजिन फारसं अडवून धरत नाही, म्हणून जवळजवळ सगळा भार ब्रेकवर येतो. त्यातही पुढच्या ब्रेकवर, कारण थांबताना वजन पुढे सरकतं.

ड्रम ब्रेक म्हणजे झाकण घातलेली कढई. आतले दोन शू बाहेरच्या दिशेने फाकून ड्रमला घासतात. उष्णता आत कोंडते, ड्रम तापून फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. लायनिंगची पकडही तापल्यावर कमी होते. एकदा दाबला तर चांगला लागतो, दुसऱ्यांदा बरा, तिसऱ्यांदा लिव्हर मुठीपर्यंत येते आणि गाडी आपल्या मर्जीने जाते. आत पाणी शिरलं तर ते सुकेपर्यंत पकड नाही. डिस्क म्हणजे उघडा तवा. वारा लागतो, पाणी फिरता फिरता उडून जातं, आणि तापून जाड झाला तरी पॅडच्या जवळच येतो.

ही सारी पुस्तकी माहिती झाली. मला ती कळली ती गेल्या श्रावणात. यवतमाळला डोळ्यांच्या तपासणीला गेलो होतो. परत येताना हा भेटला आणि म्हणाला, "सर, बसा ना मांगं." या वयात नाही म्हणायला हवं होतं. पण तारुण्यात जी गाडी नुसती लांबून पाहिली तिच्यावर बसायचा मोह झाला, हे कबूल करतो. नागपूर-तुळजापूर रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत झाला आहे. पूर्वी तिथे खड्डेच वेग आवरायचे. साचलेल्या पाण्यातून आमची गाडी गेली, आणि थोडं पुढे दुभाजकाच्या फटीतून एक बंडी आडवी आली. त्याने ब्रेक दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. मागचं चाक घासत गेलं आणि आम्ही बंडीच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबलो. फळीवर पाय सोडून एक सहा-सात वर्षांचा मुलगा बसला होता. त्याच्या हातात अर्धं खाल्लेलं कणीस होतं. तो आमच्याकडे पाहून हसला. काय टळलं ते त्याला कळलंच नाही.

त्या दिवशी पुढे आर्णीपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

आता गाडीच्या शुद्धतेवर व्याख्यान देणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. ती शुद्धता त्या मुलाला कशी समजावून सांगायची? पेट्रोलची टाकी, सीट, हॉर्न, रंग हे सगळं मालकाचं. तिथे हट्ट चालवा, हौस करा. ब्रेक तसा नसतो. ब्रेकवर पहिला हक्क समोरून येणाऱ्याचा, आडव्या येणाऱ्याचा, शाळा सुटल्यावर धावत रस्ता ओलांडणाऱ्याचा. गाडी दिवाणखान्यात काचेत ठेवायची असेल तर ड्रम खुशाल राहू द्या, चाकं नसली तरी चालेल. रस्त्यावर आणायची असेल तर आजच्या रस्त्याच्या वेगाला पुरेल असा ब्रेक लागेल. 1 एप्रिल 2019 पासून आपल्या देशात 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं आहे. पुढची गाडी आता पूर्वीपेक्षा कमी अंतरात थांबते. तिच्यामागे आपण 1983 चा ब्रेक घेऊन धावतो आहोत, हे विसरून कसं चालेल?

"पण वारसा?" असं विचारतील. इतिहासाचा मास्तर असल्याने वारशाबद्दल मला कमी आस्था आहे असं कोणी समजू नये. पण वाड्यात वीज घेतली म्हणून वाडा पडला नाही. आणि केंद्र सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी जो नियम केला, त्यात गाडी मूळ रूपात असावी असं म्हणताना चेसिस, बॉडी आणि इंजिन यांतल्या बदलांवर बोट ठेवलं आहे. ब्रेकचं नाव त्यात नाही. सरकारला जे समजलं ते आमच्या शौकीन मंडळींना समजू नये, हे नवलच. शिवाय हा बदल परतवता येतो. जुनं चाक, जुना ड्रम पुसून, तेल लावून ठेवा. उद्या कोणाला प्रदर्शनात मांडायची असेल तर अर्ध्या दिवसात पुन्हा बसेल.

माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. जन्माचं भिंग काढलं, कारखान्यात बनलेलं बसवलं. मी बाटलो का? मला उलट बायकोच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पहिल्यांदा नीट दिसल्या. (तिला हे सांगितलेलं नाही.)

पण हेच उदाहरण घेऊन मला दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनवायचे आहेत. कारण 'ओरिजनल'वाल्यांपेक्षा धोकादायक जमात आपल्याकडे आहे, ती 'बसते न बे'वाल्यांची. याच विद्यार्थ्याला एका मिस्त्रीने सांगितलं, "कायले एवढा इचार करता भाऊ? कबाडातून डिस्क आनतो, वेल्डिंग मारतो, संध्याकाळी घेऊन जा." भिंग बसवण्याआधी डॉक्टरांनी माझा डोळा यंत्रावर मोजला होता. शेजाऱ्याच्या डोळ्यातलं काढून माझ्या डोळ्यात घातलं नव्हतं!

बदली भागाचंही तसंच आहे. डिस्क ब्रेक म्हणजे नुसती लोखंडी चकती नाही. लिव्हरजवळचा मास्टर सिलिंडर आणि चाकाजवळचा कॅलिपर यांचं गणित जुळावं लागतं. खालच्या पिस्टनचा व्यास वरच्याच्या दुप्पट असेल तर जोर चौपट मिळतो, पण वरच्याला चौपट सरकावं लागतं. वरचा गरजेपेक्षा मोठा घेतला तर लिव्हर दगडासारखी लागते आणि ब्रेक लागत नाही. लहान घेतला तर लिव्हर मुठीला टेकते आणि तरी ब्रेक लागत नाही. म्हणून लिव्हर, मास्टर सिलिंडर, नळी, कॅलिपर आणि डिस्क हा संपूर्ण संच शक्यतो एकाच गाडीचा घ्यावा, आणि ती गाडी वजनाने आपल्या गाडीच्या जवळची असावी. कॅलिपर धरणारी पट्टी फोर्कवर वेल्डिंगने चिकटवू नये. ड्रमसाठी घडवलेल्या फोर्कवर थांबण्याचा सगळा ताण त्या एका जागी येतो, तेव्हा हे काम लेथवाल्या जाणकाराचंच. चाक मधोमध आलं का, अ‍ॅक्सलची जाडी जुळते का, हँडल पूर्ण वळवल्यावर नळी ताणते का, हे पाहायला वेळ लागतो. तो द्यावा.

ब्रेक ऑइलच्या जागी इंजिनचं ऑइल ओतणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्याने आतले रबर फुगतात आणि ब्रेक जाम होतो. योग्य ऑइलही हवेतलं पाणी ओढतं, तापल्यावर लवकर उकळतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. आणि जुना ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने फुंकून उडवण्याची जी सवय आहे ती सोडा. जुन्या लायनिंगमध्ये बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ते फुप्फुसात गेलं की परत येत नाही. ओल्या फडक्याने पुसा.

ज्यांना नवा संच परवडत नाही त्यांनी निदान एवढं करावं: ड्रम असला तरी त्याचे शू खात्रीचे घ्यावे. आमच्याकडे एका दुकानात दोन खोके पुढे येतात, एक 'कंपनी' आणि एक 'तसाच'. शंभर-दीडशे रुपयांच्या फरकासाठी आपण 'तसाच' उचलतो आणि त्याच गाडीवर पुढे टाकीवर नातवाला बसवतो.

शेवटचं एक. पुढचा ब्रेक मारला की गाडी उलटते, ही समजूत खेड्यापाड्यात इतकी पक्की आहे की कित्येकांनी त्या लिव्हरला जन्मात हात लावलेला नाही. मुरमावर, ओल्या मातीवर एकदम दाबला तर माणूस पडतो, हे खरं. हळूहळू जोर वाढवत दाबायला शिकावं लागतं. डिस्क बसवून हात जुन्याच सवयीचा राहिला तर पैसे वाया, कदाचित हाडंही.

तर विद्यार्थ्याला मी सांगितलं ते असं. खुशाल बदल. पण पूर्ण संच घे, जाणकाराकडून बसव, आणि रिकाम्या मैदानावर आठ दिवस चालवून पाहा. जुना ड्रम वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर चिठ्ठी लावून माळ्यावर ठेव. आणि जो 'बाटली' म्हणाला त्याला एकदा पावसात तुझ्या जुन्या ब्रेकवर मागे बसवून आण.

त्यावर तो हसला. म्हणाला, "सर, नवा बसल्यावर तुमी बसान का?"

बसेन म्हणालो. यवतमाळला तपासणीला पुन्हा जायचंच आहे.