पिंपातल्या औषधाचा हिशेब द्या

मैत्रिणींनो, पावसाळा लागला की वस्तीत डासांचे औषध टाकणारा माणूस येतो. पिंपाचे झाकण उघडतो, बॅटरी मारतो, औषध टाकतो आणि बजावतो, "बाई, पाणी साठवू नका." सोलापुरात हे कुणाला सांगायचे? उजनीचे पाणी वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड भरत आलेल्या बाईला? ती काय हौसेने साठवते? नळ रोज आला असता, तर घरोघर पिंपांची ही रांग लागली नसती. मग दोषी बाईच कशी?

हे औषध म्हणजे टेमेफॉस, बाजारातले नाव ॲबेट. डेंगीने माणसे दगावतात. अळ्या मारू नका असे आम्ही म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही पिण्याच्या पाण्यात टेमेफॉस चालते म्हणते, पण लिटरला 1 मिलिग्रॅमच्या वर नाही. म्हणजे 200 लिटरच्या भरल्या पिंपाला मूळ औषध फक्त 200 मिलिग्रॅम, अर्ध्या पिंपाला त्याच्या निम्मे. हे काय अंदाजाने टाकायचे काम आहे? औषध टाकल्यावर काही काळ बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांना आणि लहान मुलांना जमेल तर दुसरे पाणी द्यावे, असेही हीच संघटना सांगते. आपल्यापैकी किती जणींच्या कानावर हे आले?

कीटकनाशकांचा कायदा 1968 चा, नियम 1971 चे. डब्यासोबत स्थानिक भाषेतही माहितीपत्रक हवे, असे नियम म्हणतात. पण डबा राहतो कर्मचाऱ्याच्या पिशवीत आणि औषध उतरते बाईच्या पिंपात! कायदा विकणाऱ्याशी बोलतो, घेणाऱ्याशी बोलतो. पिणारीशी बोलत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. काय टाकले, किती टाकले, कधी टाकले, याची चिठ्ठी घरोघर द्या. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या कितीतरी जणींची घरची भाषा तेलुगू आहे, तेव्हा ती तेलुगूतही द्या. टाकणाऱ्या कामगाराला माप आणि हातमोजे द्या. आणि सर्वांत आधी नेमाने पाणी द्या. आठवड्याला पिंप घासून कोरडे करा म्हणता, ते बरोबरच आहे. डासाची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून राहतात. पण पुढचे पाणी कधी येईल याचा भरवसा नसताना उरलेल्या दोन घागरी ओतून द्यायला कुठली बाई धजेल?

पाणी भरायचे तिने, तापाच्या उशाशी बसायचे तिने. त्या पाण्यात काय पडते, हे मात्र तिला न विचारता ठरवायचे? हे आता चालणार नाही.