आधार देणाऱ्या हातांना शिक्षण हवे

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा 2007 पर्यंत स्वतंत्र नगरपालिकेचे गाव होते. 1990 नंतर तेथे संगणक उद्योगाच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारती बांधणारे, झाडणारे आणि त्यांच्या दारावर पहारा देणारे श्रमिक देशाच्या कानाकोपऱ्यांतून आले व पत्र्याच्या झोपड्यांत राहू लागले. याच भागातील मराठहळ्ळी येथे जुलै 2014 मध्ये एका खाजगी शाळेत सहा वर्षांच्या बालिकेवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा हजारो पालक रस्त्यावर उतरले. कॅमेरे, पहारेकरी, आरोपींची अटक यांवर पुष्कळ चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. परंतु एक प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. अत्याचारग्रस्त बालक किंवा स्त्री ज्यांच्यापुढे प्रथम येऊन उभी राहते, त्या परिचारिकेला, महिला शिपायाला, शिक्षिकेला, समुपदेशिकेला अशा वेळी काय करावे, काय बोलावे आणि काय बोलू नये, हे कोणी शिकवले आहे काय?

कायद्याने हे गृहीतच धरले आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा 2005 मध्ये संमत झाला व त्याने संरक्षण अधिकारी नेमले. पोलीस व न्यायाधिकारी यांना वेळोवेळी प्रशिक्षण देण्याची जबाबदारी त्याच कायद्याने सरकारवर टाकली. बालकांसाठीच्या 2012 च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार मुलाचा जबाब घेणाऱ्या पोलिसाने गणवेश घालता कामा नये, मुलाला पुन्हा पुन्हा न्यायालयात बोलावता कामा नये, भाषा कळत नसेल तर दुभाषी द्यावा. अत्याचारग्रस्तावर तात्काळ विनामूल्य उपचार करणे 2013 पासून सरकारी व खाजगी अशा सर्व रुग्णालयांवर बंधनकारक आहे. तरतुदींची उणीव नाही. उणीव आहे ती या तरतुदी अमलात आणणाऱ्या माणसांच्या तयारीची.

तयारी नसेल तर काय होते? ओडिशातून आलेली बांधकाम मजूर स्त्री मार खाऊन रुग्णालयात येते. तिची भाषा तेथे कोणाला येत नाही. दुभाषी म्हणून उभा राहतो तो तिचा नवराच, ज्याने तिला मारले तो! ‘घसरून पडली’ अशी नोंद होते, मलमपट्टी होते आणि ती त्याच घरी परत जाते. परिचारिका निर्दय असते असे नव्हे. तिच्या वॉर्डात रुग्णांची रांग असते. नवऱ्याला बाहेर थांबवून, खाजगीत, दुसऱ्या दुभाष्याकरवी बोलावे, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. सहानुभूती म्हणजे कौशल्य नव्हे.

या अज्ञानाची किंमत महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिली आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा आरोप झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत याला महत्त्व देऊन सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आरोपींना निर्दोष ठरवले. स्त्री-संघटनांच्या देशव्यापी आंदोलनामुळे 1983 मध्ये कायदा बदलला. जखम नाही म्हणजे संमती होती, हा समज मात्र तपासणीच्या टेबलापाशी कायम राहिला. 2013 मध्ये न्यायालयाने निषिद्ध मानलेली अपमानास्पद ‘दोन बोटांची चाचणी’ थांबवण्यासाठी 31 ऑक्टोबर 2022 रोजी त्याच न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्या, वैद्यकीय अभ्यासक्रम तपासा, असे बजावावे लागले.

मार्गही महाराष्ट्रातच सापडतो. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने मुंबईच्या पोलीस यंत्रणेत प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांचा विशेष कक्ष सुरू झाला. 2000 च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका व ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र उभे केले. तेथे बाहेरचे तज्ज्ञ बोलावून व्याख्याने देण्यावर काम संपवले नाही. रुग्णालयातल्याच परिचारिका व डॉक्टर यांच्यामधून प्रशिक्षक घडवण्यात आले आणि त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना शिकवले. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली.

या पद्धतीचे मर्म समजून घेतले पाहिजे. शिकवणे ही स्वतंत्र विद्या आहे. उत्तम समुपदेशिका उत्तम प्रशिक्षक असतेच असे नाही. ‘बाईनेही थोडे सोसावे’ असे मनापासून मानणाऱ्या कर्मचाऱ्याला उपदेशाने बदलता येत नाही. त्याला बोलते करावे लागते, त्याच्या अनुभवातील प्रसंग समोर मांडून उलटसुलट चर्चा घडवावी लागते. कामगार चळवळीतील प्रत्येक चांगला अभ्यासवर्ग याच रीतीने चालतो. एका दिवसाचे शिबिर, हारतुरे, भोजन आणि प्रमाणपत्र यांतून हे साधत नाही.

आणि शिकलेला माणूस टिकला तरच शिक्षण टिकते. 2015 पासून सुरू झालेल्या ‘सखी’ केंद्रांत कंत्राटी नेमणुका सर्रास आहेत. वस्तीतील स्त्री जिच्याकडे प्रथम मन मोकळे करते, ती अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती आजही मानधनावर राबते. जिच्या स्वतःच्या नोकरीला आधार नाही, तिने इतरांना आधार द्यावा, अशी ही व्यवस्था आहे! नवउदारवादी धोरणाने सार्वजनिक सेवेतील कायम पदे कापली, त्याची झळ प्रथम पीडितांनाच बसते.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयात व पोलीस विभागात तेथल्याच कर्मचाऱ्यांमधून प्रशिक्षकांचे पथक तयार करावे. प्रशिक्षण कामाच्या वेळात, पूर्ण वेतनासह आणि वरचेवर व्हावे. समुपदेशिकांची पदे कायम करावीत. महादेवपुऱ्यासारख्या बहुभाषिक श्रमिक वस्त्यांत तेथील भाषा बोलणारे शिक्षित दुभाषी नेमावेत. कामगार संघटना व महिला संघटना यांनी ही मागणी वेतनाच्या मागणीइतक्याच नेटाने लढवली पाहिजे. अत्याचारानंतर निघणारा मोर्चा काही दिवसांत ओसरतो. दाराशी आलेल्या स्त्रीला कसे सामोरे जावे हे जाणणारी परिचारिका मात्र तेथे रोज असली पाहिजे.