खुन्याचे अंतरंग आणि समीक्षेचे मौन

'नैतिक संदिग्धता' ही संज्ञा अलीकडच्या समीक्षाव्यवहारात वर्णनासाठी कमी आणि गौरवासाठी अधिक वापरली जाते. नायक खुनी आहे आणि तरीही त्याच्याविषयी कणव वाटते, एवढे आढळले की कलाकृती व्यामिश्र ठरते आणि समीक्षकाचे काम संपते. कोरियन गुन्हेमालिकांचे जे स्वागत होते, त्यामागे बव्हंशी हीच धारणा आहे. ती तपासणे अगत्याचे आहे. कारण ज्याला संदिग्धता म्हटले जाते, तो पुष्कळदा निवेदनाने केलेला उघड पक्षपात असतो.

'अ किलर पॅरडॉक्स' (२०२४) ही मालिका या दृष्टीने उद्‌बोधक आहे. दुकानात रात्रपाळी करणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या हातून माणूस मारला जातो. तो हादरतो, पश्चात्तापाने पोखरला जातो. आणि मग कळते, की मेलेला इसम फरारी खुनी होता. पुढेही त्याच्या हातून मरणारे मरण्याच्याच लायकीचे निघतात. निरपराध माणूस मेला असता तर काय, हा खरा नैतिक प्रश्न. पण तो उभा राहण्यापूर्वीच संहिता त्याचे उत्तर नायकाच्या बाजूने देऊन टाकते. येथे संदिग्धता कोठे आहे? हे तर नायकाला दिलेले निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र आहे.

दोष कोरियन कलेचा नाही. बाँग जून-हो यांच्या 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) या चित्रपटात खुनी हाती लागतच नाही. त्याचे मन उघडून दाखवण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळला आहे. त्यामुळे संशयाचा झोत वळतो तो कबुलीजबाबासाठी मारहाण करणाऱ्या पोलिसांकडे, त्यांच्या अज्ञानाकडे आणि त्या काळच्या दडपशाहीकडे. संदिग्धता येथे खरी आहे. कारण ती कोणालाही, प्रेक्षकालाही, सोयीची नाही.

मराठीतील उदाहरण फार दूर शोधावे लागत नाही. झी मराठीवर २०२० साली सुरू झालेली 'देवमाणूस' ही मालिका सातारा जिल्ह्यात वाई परिसरात २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या हत्याकांडावर बेतलेली होती. तोतया डॉक्टर गावाचा देव होतो आणि एकामागून एक स्त्रियांचा जीव घेतो. प्रेक्षकाला सारे ठाऊक असते, गावाला नसते. आणि 'आता तरी पकडला जाईल का?' या उत्कंठेवर मालिका पुढे सरकते. खुन्याचे बेत, त्याची भीती, निसटून जाण्याची त्याची हातोटी यांना भरपूर अवकाश मिळतो. मरणारी स्त्री मात्र पुढच्या खुनाची तयारी म्हणून येते आणि जाते. गाव एका तोतयाला देव का मानते, गावात खरा डॉक्टर का नाही, हा या कथावस्तूतला सर्वांत गंभीर प्रश्न. तो परिघावरच राहतो. मालिका लोकप्रिय झाली, पुढचे भागही निघाले. आक्षेप लोकप्रियतेवर नाही. तिला व्यामिश्रतेचे बिरुद लावणाऱ्या समीक्षेवर आहे.

या पार्श्वभूमीवर विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' (१९७२) पुन्हा वाचावे. घाशीराम क्रूर आहे, त्याच्या कोठडीत माणसे गुदमरून मरतात. त्याच्यावर अन्याय झाला होता, त्याने मुलीचा सौदा केला आणि ती गमावली, हेही नाटक लपवत नाही. तरीही त्याच्या मनाचे समर्थन मांडणे हा नाटकाचा हेतू नाही. रंगमंचावरची ब्राह्मणांची मानवी भिंत आणि तिच्याआड वावरणारे नाना, यांतून खुनी कसा घडवला जातो, वापरला जातो आणि निरुपयोगी ठरताच जमावाच्या हवाली कसा केला जातो, हे दिसते. प्रेक्षकाला घाशीरामची बाजू घेता येत नाही आणि त्याच्या वधाचे समाधानही मिळत नाही. संदिग्धता व्यक्तीच्या हृदयात नाही, ती सत्तेच्या रचनेत आहे.

यावर असे म्हटले जाईल, की साहित्य म्हणजे नीतिपाठ नव्हे आणि खुन्यालाही अंतरंग असते. दोन्ही विधाने मान्य व्हावीत. परंतु वेन बूथ यांनी १९६१ सालीच दाखवून दिले आहे, की पात्राच्या मनात दीर्घकाळ वावरणारा वाचक त्या पात्राचे दोष दिसत असूनही त्याचे भले इच्छू लागतो. म्हणजे कणव हा नायकाच्या गुंतागुंतीचा पुरावा नव्हे. तो दृष्टिबिंदूच्या निवडीचा परिणाम आहे. खुन्याला अंतरंग द्यावेच. पण ते मेलेल्याला का नाकारले, हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे.

हा केवळ संज्ञेचा वाद नाही. बीड जिल्ह्यात, परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावी मोबाईलवर या मालिका पाहणाऱ्या विद्यार्थ्याला खून हे रूपक वाटू शकत नाही. याच जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. मार्च २०२५ मध्ये आरोपपत्रातील छायाचित्रे बाहेर आली, तेव्हा महाराष्ट्र हादरला. मारहाणीचे चित्रण मारणाऱ्यांनीच केले होते, असे तपासातून पुढे आले. कॅमेरा कोणाच्या हाती आहे, हा कथनमीमांसेचा प्रश्न तेथे अक्षरशः उभा राहिला. त्या चित्रांत मारणाऱ्याची नजर होती. मेलेला माणूस कोण होता, हे गावाला स्वतंत्रपणे सांगावे लागले.

मालिकांमुळे खून होतात, असा बाळबोध निष्कर्ष येथे अभिप्रेत नाही. मागणी मर्यादित आहे. 'संदिग्ध' म्हणून एखाद्या कलाकृतीचा गौरव करण्यापूर्वी तिच्यात मेलेल्यांना नाव, भूतकाळ आणि मन आहे काय, हे समीक्षकाने पाहावे. ते नसेल, तर ती कलाकृती रंजक असेल, कुशलही असेल. पण तिला संदिग्ध म्हणणे म्हणजे खुन्याची बाजू आधीच घेऊन तिलाच तटस्थता म्हणणे होय.