पडलेली सायकल

गेल्या वर्षी आमच्या घरी दिवाळी नव्हती. वडील जाऊन सहाच महिने झाले होते. अशा घरी वर्षभर सणाची कढई चढवू नये असा आपला रिवाज; आणि शेजारधर्म असा, की नेमके अशाच घरी फराळाचे डबे जास्त येतात. नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी सात घरच्या सात तऱ्हांच्या चकल्या पुढ्यात घेऊन आम्ही चौघे गप्प बसलो होतो. अखेर मुलीला राहवेना. ती म्हणाली, "आजी, आठ मिनिटांचा सिनेमा बघतेस? त्यात कोणी बोलत नाही."

आईला हल्ली ऐकू कमी येते. न बोलणारा सिनेमा ही तिला मोठी सोयच वाटली.

सिनेमा होता 'फादर अँड डॉटर'. मायकेल डुडोक द विट या डच चित्रकाराचा हा हलत्या चित्रांचा लघुपट २००० सालचा. २००१ साली त्याला ऑस्कर मिळाले. गोष्ट चार ओळींची. पाण्याकाठच्या बांधावर बाप आणि चिमुरडी लेक सायकलींवरून येतात. बाप तिचा निरोप घेतो, होडीत बसतो आणि वल्हवत दूर जातो. तो परत येत नाही. लेक मात्र त्या बांधावर येतच राहते. उन्हापावसात, वाऱ्याशी झगडत. मैत्रिणींबरोबर, मग नवऱ्याबरोबर, मग मुलाबाळांना घेऊन. माणसांचे चेहरेसुद्धा धड दिसत नाहीत. कोळशाने रेखाटल्यासारख्या इवल्याशा आकृत्या, त्यांच्या लांबच लांब सावल्या, वर भले थोरले आकाश, आणि अकॉर्डियनवर एक जुनी युरोपीय गत.

शेवटी ती म्हातारी होऊन येते. सायकल उभी करू पाहते, ती आडवी पडते. पुन्हा उभी करते, पुन्हा पडते. मग ती तशीच टाकून म्हातारी बांध उतरते. पाणी केव्हाच आटलेले असते. गवतातून वाट काढताना तिला मातीत रुतलेली होडी सापडते. ती त्या होडीत निजते. मग उठते, चालू लागते, धावू लागते, आणि धावता धावता तिचे वय गळून पडते. समोर बाप उभा असतो.

दिवे लावले तरी कोणी बोलेना. अशा वेळी माझ्यातला मास्तर जागा होतो. मी मुलीला सांगू लागलो, "पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. आठ मिनिटांत साडेअकरा हजार झाल्या! एक चित्र मरते तेव्हा दुसरे जन्मते, आणि मधली फट डोळ्यांना कळत नाही, म्हणून ती म्हातारी चालताना दिसते. पण शेवटी दाखवला तो काही आपला पुनर्जन्म नव्हे. आपल्याकडे आत्मा जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो. मागची ओळख राहत नाही. गीतेत..."

"अरे, ते तुझं वस्त्रांचं राहू दे," आई म्हणाली. "ह्यांचे सदरे अजून कपाटात आहेत. ते कुणाला देववत नाहीत मला."

वीस वर्षे मी वर्गात बोलतो आहे. असा निरुत्तर कधी झालो नव्हतो.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तिची सायकल पाहिलीस? उभी राहीना, तेव्हा म्हणाली असेल, राहू दे पडलेली. म्हणून तर खाली उतरली. नाहीतर पाणी आटलंय हे तिला कळलं असतं का?"

तिची वाट पाहणे मला दिसले होते; वाट पाहणे संपते कुठे, ते आईने पाहिले.

भाऊबिजेनंतर आईने कपाट उघडले. सहा सदरे निघाले. तिने ते स्वतः धुतले, इस्त्री केले; एक परत ठेवला आणि पाच आमच्या इमारतीच्या रखवालदाराला दिले.

यंदा घरात कढई चढली आहे. आईच्या चकलीला काटा अजून सुरेख येतो. रात्रपाळीचा रखवालदार संध्याकाळी सायकलवरून येतो. कधी कधी त्याच्या अंगात वडिलांचा निळ्या रेघांचा सदरा असतो. परवा आई चकल्या पाडता पाडता खिडकीशी थांबली, तो फाटकातून आत शिरेपर्यंत बघत राहिली, आणि म्हणाली, "बरा बसतो रे त्याला."