कुकरची रिंग बदलतो, मग वूफर भंगारात का?



दिवाळीची आवराआवर सुरू झाली की जुन्या होम थिएटरवर सगळ्यांची नजर जाते. "वूफर फाटलाय, देऊन टाका भंगारवाल्याला!" दुकानदारही तेच म्हणतो आणि लगेच 'जुना द्या, नवा घ्या'ची ऑफर पुढे करतो. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे.

मला सांगा, कुकरची शिटी होईनाशी झाली तर आपण कुकर फेकतो का? नाही. रिंग बदलतो. मिक्सरचे कार्बन ब्रश झिजले तर ब्रश बदलतो. वूफरचं अगदी तसंच आहे. त्याच्या कागदी पडद्याभोवती, म्हणजे कोनभोवती, फोमची रिंग असते. दमट हवेने आणि वयाने दहा-पंधरा वर्षांत या फोमचा भुगा होतो. मग आवाज फाटतो, फडफडतो. पण मागचं जड लोहचुंबक, लोखंडी सांगाडा आणि बहुतेक वेळा कागदी कोनही धडधाकट असतो. एका रिंगपायी पाच-सहा किलोची वस्तू फेकायची, हा कुठला हिशेब?

"आपल्याला त्यातलं काय कळतं?" हे वाक्य तर मला मुळीच पटत नाही. वायर भिंतीतून काढा, स्पीकरचे स्क्रू सोडवा, त्याच्या दोन्ही तारा वेगळ्या करा. (पेटीत कोळी, मुंग्या असतील तर आधी मऊ कुंचल्याने हलकेच बाहेर काढा.) आता दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. 'ठप्' आवाज होऊन कोन हलला, तर आतली कॉइल शाबूत आहे. मग रिंग बदलण्यासारखी आहे. एवढी परीक्षा कोणतीही गृहिणी करू शकते.

रिंग घेताना इंचांचं माप नीट न्या. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, इथे सुटे भाग मिळतात. जुना फोम आणि डिंक पूर्ण खरवडून काढा. नवी रिंग आधी कोनला चिकटवा, वाळू द्या, मग सांगाड्याला. चिकटवताना बोटांनी कोन हळूच खाली-वर करून बघा. खरखर आली तर कॉइल घासते आहे, रिंग जरा सरकवा. नंतर पूर्ण दिवसभर हात लावू नका. घाई इथेच नडते. आमच्या आठ इंची वूफरला रिंग आणि डिंक मिळून चारशेच्या आत खर्च आला.

आवाजाऐवजी नुसती घूंऽऽ अशी घरघर येत असेल, तर बहुधा सर्किटमधले कॅपॅसिटर सुकलेले किंवा फुगलेले असतात. तेही बदलता येतात. पण ते मात्र जाणकार कारागिराकडूनच करून घ्या, कारण वीज बंद केल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये भार राहतो. कॉइलच जळली असेल, तर तेवढा स्पीकर त्याच मापाचा आणि तितक्याच ओहमचा घ्या. पेटी आणि सर्किट तेच चालतं.

काही जणी म्हणतील, "आपण अपरिग्रहवाले, जुनं धरून कशाला बसायचं?" अहो, जुनं फेकून त्याच जागी नवं आणणं हा अपरिग्रह कसा होईल? घरात वस्तू एकच राहिली, पण बाहेर एक ढीग वाढला. आहे ती वस्तू शेवटपर्यंत वापरणं, हाच खरा संयम.

हो, पेटीच पाण्याने फुगून भुसा झाली असेल तर हट्ट करू नका. पण तेव्हाही घंटागाडीत टाकू नका. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्या.

घरातलं काय टाकायचं आणि काय ठेवायचं, हे शेवटी आपणच ठरवतो ना? मग यंदा "टाकून द्या" म्हणणाऱ्याला आधी विचारा, "नेमकं बिघडलंय काय?" नीट उत्तर मिळेपर्यंत वस्तू दाराबाहेर जाऊ देऊ नका.