धर्माची गाय नव्हे, कलम 135

आमच्या तालुक्यातले एक लेखणीबहाद्दर लासुर्णे-जंक्शन पट्ट्यातल्या लोकांवर रुसले आहेत. म्हणणं थोडक्यात असं: कंपन्या शाळा रंगवून देतात, बाकडी देतात, पाण्याची यंत्रं देतात आणि गावकरी खुसपटं काढतात. धर्माची गाय अन् दात का गं नाय! धंद्याचं काम नफा कमावणं. वर जे मिळेल ते प्रसाद समजून घ्यावं.

प्रसाद? कंपनी कायदा 2013, कलम 135, लागू 1 एप्रिल 2014 पासून. नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांतलं एक जरी गाठलं तरी त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के समाजकार्यावर खर्चायचे. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यायचं, हेही त्याच कलमात आहे. 2021 पासून तर न खर्चलेली रक्कम दाबून ठेवायची सोयही उरलेली नाही. तलाठ्याकडे शेतसारा भरून कुणी दानशूर झाल्याचं ऐकिवात नाही. गाय धर्माची नाही, तेव्हा दात मोजणारच.

मोजले तर काय दिसतं? एका शाळेच्या भिंतीला आरओचं यंत्र, वर 'सौजन्याने' असा हातभर फलक. बोअरचं पाणी क्षाराचं. मेम्ब्रेन चोंदतं, वेळेवर बदलावं लागतं. कुणाच्या पैशाने? कंपनी म्हणते, आम्ही यंत्र दिलं. ग्रामपंचायत म्हणते, आम्ही मागितलं नव्हतं. मुख्याध्यापक म्हणतात, माझ्याकडे कुठला निधी. पोरं घरून बाटल्या आणतात. अहवालात मात्र तीच पोरं 'लाभार्थी'. लेखणीबहाद्दरांना गाडीतून फलक वाचता आला, तेवढ्यावर त्यांचं भागलं.

'वालचंदनगर आठवा,' असंही ते बजावतात. आठवतं की! वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला, भोवती घरं, शाळा, दवाखाना आला. काम मोठंच. पण माणूस टिकल्याशिवाय बॉयलर पेटत नाही, हे शेठजींना पक्कं ठाऊक होतं. तो धंद्याचाच खर्च होता. आणि राज्यात त्या काळी खासगी कारखान्यांनी उसाला ज्या जमिनी खंडाने घेतल्या, त्या पुढे कमाल जमीन धारणा कायद्यात सरकारकडे गेल्या. जमिनी देणाऱ्या खंडकऱ्यांच्या पिढ्या 'आमचं रान परत द्या' म्हणत कचेऱ्या झिजवत राहिल्या. हा विषय काढला की आम्ही विकासविरोधी ठरतो. ठरू दे.

सहकारी कारखान्यांच्या शाळा-कॉलेजांचं म्हणाल, तर ती ऊसबिलातल्या कपातीवर उभी आहेत. आभार आमचे आम्हीच मानायचे. उसाच्या रास्त दराची रक्कम, म्हणजे एफआरपी, 14 दिवसांत हातात पडली, तरी बरंच समाजकार्य झालं.

मग हवं काय? आधी ग्रामसभेला विचारा. यंत्र देताना दुरुस्तीचे पैसे त्यातच धरा. आणि शाळेच्या भिंतीपलीकडची रानंही बघा. नीरा डावा कालवा 1885 पासून वाहतोय. पाझर आणि उसाचं बेसुमार पाणी यांनी या पट्ट्यातली कितीतरी रानं क्षारपड केलीत. मातीचा दर्जा राखणं कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे समाजकार्याच्या यादीत, बसतं. तिथे सच्छिद्र पाइपांचे निचरा चर काढा. एकट्या शेतकऱ्याला ते जमत नाही, कारण पाणी ओढ्याला न्यायचं तर खालच्या चौघांच्या रानातून जावं लागतं. चर मातीखाली जातो, फलक लावायला जागा उरत नाही, ही अडचण मान्य. ओढ्याकाठी एक खांब पुरू देऊ.