मांजराची जट आणि माणसाची हौस

(द्वितीय वर्ष, कला)

महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी मांजरावर लेख देतो आहे असे सांगितल्यावर माझ्या वर्गमित्रांना हसू आवरेना. 'युवकांपुढील आव्हाने', 'आजची परीक्षापद्धती', 'ग्रंथ हेच गुरू' असे एकाहून एक भारदस्त विषय पडलेले असताना मांजर! आणि तेही गावातले उकिरड्यावरचे नव्हे, तर बंगल्यातले, लांब केसांचे, गुबगुबीत पर्शियन. ज्याच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा तोच पहिला, त्याने तरी समाजाबद्दल काही लिहावे, असा एकाने मला प्रेमाचा सल्लाही दिला. मित्रहो, मी समाजाबद्दलच लिहितो आहे. फक्त सुरुवात मांजराच्या काखेतून करतो, इतकेच.

माझे गाव आटपाडी तालुक्यात. घर मेंढपाळाचे. शिक्षणासाठी सांगलीत राहतो आणि खोलीचे भाडे निघावे म्हणून संध्याकाळी सहा ते नऊ एका जनावरांच्या डॉक्टरांकडे मदतनीसाचे काम करतो. जनावर धरणे, टेबल पुसणे, यंत्राचे पाते साफ करणे ही माझी कामे. पूर्वी अशा दवाखान्यात गाय, म्हैस, शेळी आणि फार तर एखादा कुत्रा येई, असे डॉक्टर सांगतात. आता टोपलीत बसून पर्शियन मांजरे येतात. त्यांच्याबरोबर येणाऱ्यांचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : "डॉक्टर, हिचा स्वभाव फार वाईट आहे हो. कंगवा नुसता दिसला तरी अंगावर येते."

माझे मत असे की, स्वभाव मांजराचा वाईट नसतो. वरून रेशमासारखे दिसणारे केस बाजूला करून बोटे कातडीपर्यंत नेली की खरा प्रकार कळतो. कानांमागे, काखांत, पोटाखाली, जांघांत आणि गळपट्टा असेल तर त्याच्याखाली टणक गोळे लागतात. काही सुपारीएवढे, काही हाताच्या तळव्याएवढे चपटे. आमच्याकडे याला जट म्हणतात. ती कातडीला इतकी चिकटून असते की, मांजराने पाय पुढे टाकला की काखेतली कातडी ओढली जाते. आपल्या काखेतले केस बांधून ती दोरी कोणी गुडघ्याला आवळली आणि मग 'चाल' म्हटले, तर आपला स्वभाव किती गोड राहील याचा वाचकांनी विचार करावा. अशा जागी कंगवा घातला की वेदना होणार. ती एकदा झाली की कंगवा म्हणजे वेदना हे त्या जिवाच्या मनात कायमचे बसते. माणसाने असे केले तर त्याला आपण अनुभवी म्हणतो, मांजराने केले तर रागीट!

जट कशी होते हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. जेन ज्याने पाहिले आहे त्याला ते आपोआप कळते. लोकर पिंजून पसरायची, ओली करायची, दाबायची, गुंडाळून रगडायची. न विणता, न शिवता तिचे जाड अंथरूण तयार होते. केसाच्या अंगावर माशासारखे बारीक खवले असतात. ओल आणि घासणे मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. मांजराच्या अंगावर हाच उद्योग फुकट चालू असतो. आतली मऊ लव गळते, पण वरच्या लांब केसांमुळे बाहेर पडत नाही. चालताना काख घासते, चाटल्याने ओल मिळते, आणि महिनाभरात जेन तयार. म्हणूनच जट झालेल्या मांजराला आधी आंघोळ घालणे ही सर्वांत वाईट युक्ती. पाण्याने जट सुटत नाही, आवळते. हे सांगून सांगून आमचे डॉक्टर थकले. तरी लोक घरी शांपूची अख्खी बाटली संपवून मग आमच्याकडे येतात.

"पण मांजर स्वतःला चाटून साफ ठेवते ना?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. ठेवते. जागेपणीचा साधारण चौथा हिस्सा ते त्यातच घालवते. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी 2018 साली मांजराच्या जिभेचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिभेवरचे काटे पळीसारखे पोकळ असतात, आणि त्यांतून लाळ थेट केसांच्या मुळाशी पोचते, असे त्यांना आढळले. घरच्या मांजरापासून वाघ-सिंहापर्यंत हे काटे आपापल्या केसांना पुरे पडतात. अपवाद पर्शियनचा. तिचे केस इतके लांब आणि दाट की तिची जीभ मुळापर्यंत पोचतच नाही. निसर्गाने सर्व मार्जारकुळाला जी फणी दिली, ती या एकीला अपुरी पडते. आणि ही करामत निसर्गाची नव्हे, माणसाची आहे.

इटलीचा प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने 1620 साली इराणातून लिहिलेल्या पत्रात खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांचे कौतुक केले आणि ती मायदेशी नेण्याचा बेत कळवला. (हाच गृहस्थ पुढे 1623 मध्ये सुरतेला उतरून गोव्यालाही आला होता.) त्या मांजरांचे केस लांब होते, पण आजच्याइतके नव्हे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1871 साली मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले, मग प्रदर्शनांची चढाओढ लागली, आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करून केस दाट आणि तोंड चपटे करण्यात आले. केसाने कुठवर वाढून थांबायचे हे ठरवणाऱ्या जनुकातला बिघाड 2007 साली सापडला; तो आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू लांब केसांचे होते. थोडक्यात, जुळवून आणलेली गोष्ट आहे ही. जिने कंगव्याशिवाय जगताच येऊ नये अशी जात माणसाने घडवली. मग कंगवा फिरवणे हा माणसाचा लाड कसा? ते कर्ज आहे, आणि रोज थोडे थोडे फेडायचे आहे.

आपल्याकडे ते रविवारी एकदम फेडण्याची पद्धत आहे. आठवडाभर मांजराकडे कोणी पाहत नाही. रविवारी दुपारी जेवणे झाली की घरातले तिघे जण तिला धरतात, एक जण मानगूट पकडतो, आणि चौथा कंगवा ओढतो. पाऊण तास ही झटापट. मांजरांच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2022 साली काढलेल्या मार्गदर्शिकेत मानगूट पकडण्याची पद्धत टाळा असे स्पष्ट म्हटले आहे. पण ती न वाचताही हे समजायला हरकत नाही. आमच्याकडे बुजरे मेंढरू पकडायचे तर मागे धावत नाहीत. धावले की ते आणखी बुजते आणि सगळा कळप बुजवते. मांजराचे तेच. रोज दोन मिनिटे, तिच्या मनाने, मांडीवर आली असेल तेव्हा. आधी गाल आणि हनुवटी, तिथे तिला आवडते. शेपटी आपटू लागली, कान मागे गेले की थांबायचे. ती उठून जाण्याआधी आपणच थांबायचे, हे महत्त्वाचे. यात काही विद्वत्ता नाही. वेळ मात्र आहे, आणि हौशी माणसाजवळ नेमका तोच नसतो.

आता जुनी, कातडीला लागलेली जट. माझे मत तिच्याबाबतीत सर्वांत ठाम आहे आणि मालकांना सर्वांत न आवडणारेही आहे. ती सोडवत बसू नये. छोटी, मोकळी गाठ असेल तर थोडे कॉर्नफ्लोअर चोळून, मुळाशी केस चिमटीत धरून, टोकाकडून बोटांनी विलग करावी. त्यापलीकडची असेल तर भादरावी. पण कात्रीने मुळीच नाही! मांजराची कातडी कागदासारखी पातळ आणि सैल असते, जटेबरोबर ती वर उचलली जाते, आणि कात्रीला केस कुठे संपले व कातडी कुठे सुरू झाली हे कळत नाही. घरी कात्री चालवून टाके घालायला आणलेली मांजरे मी स्वतः धरली आहेत. माझे वडील हातभर कातरीने मेंढी कातरतात. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची, पाते सपाट ठेवायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा हात. तरी कधी ओरखडा निघतो आणि हळद लावावी लागते. तिथे एका रविवारच्या उमेदवाराने काय करावे? डॉक्टर बारीक दात्यांच्या पात्याचे यंत्र वापरतात, पाते तापले की थांबतात. फारच भेदरलेल्या मांजराला आधी घरूनच औषध द्यायला सांगतात, आणि अगदीच जरूर पडली तर तपासणी करून गुंगी देतात. चपट्या तोंडाच्या मांजरांना श्वासाचा त्रास असतो, म्हणून गुंगीचा निर्णय त्यांनीच घ्यावा.

यावर मालक काय म्हणतात? "पण डॉक्टर, तिचे रूप जाईल!" हे वाक्य ऐकले की माझ्यातला मेंढपाळ जागा होतो. कातरलेली मेंढी काही सुंदर दिसत नाही, पण ती ओझे उतरल्यासारखी कळपाकडे उडी मारते. आमच्या भागात आता काळ्या लोकरीला भाव उरलेला नाही. कातरायचा खर्चही निघत नाही. मटणासाठी वाढवलेल्या माडग्याळी मेंढीच्या अंगावर तर लोकर बेताचीच. तरी लोकरीची मेंढी आम्ही कातरतोच. विकायला नव्हे, तिला सोसवावे म्हणून. केस चार-सहा महिन्यांत परत येतात. उलट, उन्हाळा आला म्हणून चांगल्या मांजराला नखशिखांत भादरून आणणारेही आहेत, त्यांचेही मला पटत नाही. जिथे जट आहे तिथेच यंत्र चालावे.

जट या शब्दाला आपल्याकडे आणखी एक बाजू आहे. एका आजींनी मला हळूच विचारले होते, "कापली तर काही कोप नाही ना होत?" मी हसलो नाही. आमच्या भागात बाईच्या डोक्यात जट आली की ती देवीची मानून वर्षानुवर्षे वाढवतात. मान दुखते, उवा होतात, पण कात्री लावायला कोणी धजत नाही. त्या बायांच्या जटा सोडवण्याचे काम अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते महाराष्ट्रात करीत आले आहेत. मी आजींना एवढेच दाखवले की, जटेखालची कातडी लाल झाली आहे आणि तिथे ओल धरली आहे. कोप झालाच आहे, म्हटले, आता तो उतरवू या. त्यांना ते पटले. बंगल्यातल्या शिकलेल्या मंडळींना 'रूप' सोडायला लावणे याहून अवघड जाते, असा माझा अनुभव आहे.

आणि ज्या कारणासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते कारण आता सांगतो. हौस एकाची असते आणि ओरखडे दुसऱ्याला. मांजर घेऊन दवाखान्यात कितीतरी वेळा घरकाम करणाऱ्या बाई येतात. साहेब कामावर, वहिनी मीटिंगमध्ये. "मांजर विंचरून ठेव" हेही भांडी, लादी यांच्या यादीत घातलेले, पगार तेवढाच. एका बाईंच्या मनगटावर चाव्याच्या चार खुणा होत्या, हात सुजला होता, आणि त्या मांजराचे औषध घेऊन निघाल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना थांबवून आधी सरकारी दवाखान्यात पाठवले. मांजराचा दात सुईसारखा आत जातो, जखम वरून बुजते आणि आत पिकते. शिवाय रेबीजची लस घ्यावी लागते ती वेगळीच. त्या घरच्या मांजराचे पुस्तक लसींच्या शिक्क्यांनी भरलेले होते. बाईंना हे कोणी सांगितलेही नव्हते. माझी आईही चार घरी कामाला गेली असती तर तिच्याही हाताला असेच झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा सांगतो की, ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याने त्याच्या सुस्थितीसाठी शक्य ते सर्व करावे. हे कर्तव्य मालकाचे आहे, मोलकरणीचे नव्हे, असा त्याचा अर्थ मी लावतो.

म्हातारी मांजरे हा आणखी एक प्रकार. कालपर्यंत नीट असलेल्या मांजराच्या पाठीवर, शेपटीच्या बुडाशी जटा दिसू लागल्या तर ती आळशी झाली असे समजू नये. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरील शंभर मांजरांच्या क्ष-किरण चित्रांपैकी नव्वदांत सांध्यांची झीज दिसली. मान वळत नाही, म्हणून जीभ पोचत नाही. लठ्ठ मांजराचेही तेच.

अशीच एक तेरा वर्षांची करड्या रंगाची मांजर गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आली. तिची मालकीण निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. पाठीवर पोळीएवढी जट होती. डॉक्टरांनी ती एका दिवसात काढली नाही. तीन खेपा घेतल्या, प्रत्येक वेळी दहा मिनिटे. सांध्यांसाठी औषध सुरू केले. काढलेली जट मी हातात घेऊन पाहिली, तर अगदी जेनाचा तुकडा. बाई आता रोज संध्याकाळी चहानंतर दोन मिनिटे कंगवा फिरवतात, आणि महिन्यातून एकदा तिला दाखवायला आणतात. पाठ, मान, कानांमागे ती आता करू देते. पोटाला मात्र हात लावला की पंजा उगारते. "तेवढे राहू दे," डॉक्टर म्हणाले, "ते आपण यंत्राने करू."